आधार कशाला म्हणावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेत बोलण्याचा मान मंडळाने मला दिला, याबद्दल मी कार्यकारिणीची आभारी आहे. मी काही वक्ता नव्हे. हळदीकुंकवाला आलेल्या पाहुण्यांची ओळख करून देण्यापलीकडे माझी मजल कधी गेली नाही. परंतु चिटणीसबाईंनी आग्रह धरला. "तुमच्या घरचाच अनुभव आहे, अपंगांची सेवा या विषयावर चार शब्द बोला," असे त्या म्हणाल्या. विषय मी आनंदाने घेतला. मात्र त्यातला 'सेवा' हा शब्द मला आज आपल्यासमोर थोडा तपासून पाहावयाचा आहे, कारण त्या शब्दाने माझी स्वतःचीच मोठी फसगत झाली.

'अपंग' या शब्दाविषयीही आरंभी एक सांगते. सरकारी कागदोपत्री आता 'दिव्यांग' हा शब्द आला आहे. आमच्या घरात दोन्ही चालतात. ज्यांच्याविषयी मी बोलणार आहे त्या माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणतात, "मला काहीही म्हणा, पण माझ्या तोंडावर म्हणा, पाठीमागे कुजबुजू नका." त्यांची परवानगी घेऊनच मी हे सारे सांगत आहे. काय सांगावे आणि काय सांगू नये, याची यादीही त्यांनीच मला करून दिली आहे.

आपल्यापैकी जुन्या सभासदांना त्या चांगल्या ठाऊक आहेत. मंडळाच्या पापड-कुरडयांचा हिशेब त्या ठेवीत असत आणि दिवाळीच्या फराळाची मागणी आली की दादरपर्यंत स्वतः गाडीने पोहोचवीत असत. डोक्यावर पाटी, हातात पिशवी, आणि तरी गाडीत चढताना पुढच्या बाईचे मूल त्यांनीच उचलून घेतलेले, असा त्यांचा स्वभाव. २०१२ साली पावसाच्या तोंडाशी माळ्यावरचा पेंढा खाली काढताना शिडी सरकली आणि त्या पाठीवर पडल्या. कण्याला मार लागला. कमरेखालचे अंग तेव्हापासून गेले. तिथे ना हालचाल, ना स्पर्शाची जाणीव. तेव्हा त्यांचे वय बेचाळीस होते.

एका रुग्णालयात महिनाभर ठेवले, शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. त्यासाठी आम्ही त्या डॉक्टरांचे ऋणी आहोत. परंतु घरी पाठविताना आम्हांला एवढेच सांगितले गेले की, आता यापुढे काही होणार नाही. घरी न्या आणि सेवा करा. त्या रुग्णालयाचे नाव मी घेत नाही, कारण असा अनुभव एकाच ठिकाणी येतो असे नाही. 'सेवा करा' म्हणजे काय करा, हे मात्र कोणी सांगितले नाही.

मग मी सेवा केली. भगिनींनो, आज मी बढाई मारीत नाही, पण खरोखरच केली. त्यांना उचलून मोरीत नेणे, न्हाऊ घालणे, वेणी घालणे, भरविणे, कूस बदलणे हे सगळे माझ्या हातचे. भात पुढे ठेवला तर त्या स्वतः कालवू लागत, मी म्हणे, "ताई, राहू द्या, मी देते." पाण्याचा तांब्या त्यांनी घेऊ नये, सांडेल. सुरी हाती देऊ नये, लागेल. हिशेबाची वही मागितली तर म्हणे, "कशाला डोक्याला ताप?" गाव म्हणे, जाऊ असावी तर अशी. ते ऐकून मला बरे वाटत असे, हे मी कबूल करते. सहा वर्षे हे चालले. त्या सहा वर्षांत त्यांच्या पाठीला दोनदा शय्याव्रण झाले, माझी कंबर कायमची दुखू लागली आणि त्या बोलेनाशा झाल्या. मला वाटे, दुखण्याने बोलत नसतील.

२०१८ साली व्रण फारच चिघळला म्हणून आम्ही त्यांना मुंबईच्या एका पुनर्वसन केंद्रात नेले. पहाटे तांदुळवाडीचा घाट ओलांडून, वरई फाट्याला महामार्ग गाठून, जीपच्या मागच्या बाकावर त्यांना आडवे घालून नेले. तिथे एक तरुण मुलगी आमच्याकडे आली. आमच्या मुलींएवढीच असेल. मला वाटले, ही व्रण पाहील. तिने पहिला प्रश्न विचारला तो असा : "यांना स्वतःचे स्वतः काय काय करता येते?" मी तोंड उघडले आणि मला उत्तर सुचेना. सहा वर्षे रात्रंदिवस मी त्यांच्याजवळ होते. त्यांना किती वाजता काय लागते हे मला घड्याळासारखे पाठ होते. पण त्यांना काय करता येते हे मला ठाऊक नव्हते. मग ती मुलगी मला सोडून ताईंकडे वळली आणि तोच प्रश्न त्यांना विचारला. ताई म्हणाल्या, "हात दोन्ही चांगले आहेत. पण सहा वर्षांत कोणी मागितले नाहीत."

ते वाक्य मला रागाने म्हटलेले नव्हते. म्हणूनच ते मला अधिक लागले.

ती मुलगी व्यवसायोपचार शिकलेली होती. हा शब्द आपल्याला नवा वाटेल, म्हणून सांगते. मालीश करणारे, व्यायाम करवून घेणारे उपचारक आपण पाहिलेले असतात. व्यवसायोपचाराचे काम त्याच्या पुढे सुरू होते. व्यवसाय म्हणजे येथे नोकरीधंदा नव्हे. माणसाच्या दिवसाचे जे जे काम, अंघोळ, कपडे, जेवण, स्वयंपाक, शिवण, लिहिणे, बाजार, ते सगळे. जे अंग गेले ते परत आणण्याचे वचन हे शास्त्र देत नाही. जे अंग शाबूत आहे त्याने दिवस कसा उभा करावयाचा, त्यासाठी कोणते साधन लागेल आणि घरात काय फिरवाफिरव करावी लागेल, एवढे ते पाहते.

हे शास्त्र आपल्या देशात कोणी आणले, हे मी नंतर वाचले आणि मला फार अभिमान वाटला, कारण ते एका बाईचे काम आहे, आणि ती बाई निंबकरांच्या घरची सून होती. कमलाबाई निंबकर यांचे माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. जन्म अमेरिकेतला, क्वेकर पंथातला. विष्णुपंत निंबकरांशी विवाह करून त्या इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. वयाची चाळिशी ओलांडल्यावर, जेव्हा आपण म्हणतो आता काय शिकावयाचे राहिले, तेव्हा त्या पुन्हा अमेरिकेत जाऊन व्यवसायोपचार शिकून आल्या आणि १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी त्याचे विद्यालय सुरू केले. आशियातले हे अशा तऱ्हेचे पहिले विद्यालय समजले जाते. दोन वर्षांनी, १९५२ साली, या विषयाची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा तिच्या पहिल्या दहा देशांत भारत होता. फलटणची 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा त्यांच्याच नावाची. इरावतीबाई कर्व्यांच्या कन्या, लेखिका जाई निंबकर या त्यांच्या सूनबाई, म्हणजे आपल्याला कुळाची ओळख पटेल.

के. ई. एम.च्या त्या विद्यालयाला आज सत्तरांहून अधिक वर्षे झाली. तिथे रुजलेली विद्या त्या केंद्रातल्या तरुण मुलीपर्यंत आली आणि तिच्याकडून आमच्या सफाळ्याच्या घरापर्यंत. कमलाबाईंना आमचे घर ठाऊक असण्याचे कारण नाही. पण आमच्या घरावर त्यांचे उपकार आहेत.

आता त्या मुलीने आम्हांला काय शिकविले ते सांगते, कारण भाषण संपल्यावर आपल्या हाती काही उरावे अशी माझी इच्छा आहे.

पहिली गोष्ट एक फळी. दोनअडीच फूट लांब, फूटभर रुंद, कडा गोल केलेली, तुळतुळीत घासलेली. खाटेची आणि चाकाच्या खुर्चीची उंची सारखी करावयाची, मध्ये ही फळी टाकावयाची, आणि हातांच्या जोरावर तिच्यावरून सरकत खुर्चीत जावयाचे. उचलावयास कोणी लागत नाही. आमच्या सुतारदादांनी सागाच्या तुकड्यातून ती एका दुपारी करून दिली आणि खाटेचे पाय कापून उंची जुळविली. सहा वर्षे दोघी-दोघींनी जे वजन उचलून आमच्या कमरा गेल्या, ते काम एका फळीने केले!

दुसरी गोष्ट बसण्याची. अंगाला जाणीव नसली की टोचते, दुखते, हे कळत नाही, आणि एकाच जागी दाब राहून कातडी मरते. शय्याव्रण होतो तो असा. म्हणून खुर्चीत बसल्यावर दर पंधरावीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन किंवा एका बाजूला कलून दाब हलका करावयाचा, रात्री दर दोन तासांनी कूस बदलावयाची, बसावयास चांगली जाड गादी घ्यावयाची, आणि रोज आरसा घेऊन आपली पाठ आपणच तपासावयाची. पूर्वी हे काम माझे होते. मी दमून झोपी जाई तेव्हा ते चुके. ते त्यांनी स्वतःकडे घेतल्यापासून व्रण झालेला नाही.

तिसरी गोष्ट आपण चारचौघींत बोलत नाही, पण ताईंच्या यादीत ती आहे म्हणून बोलते. कण्याला मार लागलेल्या माणसाचे लघवीवरचे नियंत्रण जाते. कायमची नळी आणि पिशवी लावली की वरचेवर जंतुसंसर्ग होण्याची भीती, आणि पिशवीच्या लाजेने माणूस दाराबाहेर पडत नाही. ठरावीक तासांनी स्वच्छ नळी स्वतःची स्वतः घालून काढता येते. हे त्यांना तिथे आठवड्याभरात शिकविले. बाईमाणसाने घराबाहेर पडावे की पडू नये, हा प्रश्न पुष्कळदा पायांपेक्षा या एका गोष्टीवर अडलेला असतो.

चौथी गोष्ट घर. मोरीचे दार तीस इंचांचे होते. चौकट काढून छत्तीसचे केले. उंबरठा छाटला. उंबरठा छाटावयाचा म्हटल्यावर सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. मग त्यांनीच त्या जागी रांगोळी घातली. शेगडी ठेवण्यास एक बुटके टेबल केले, ज्याच्याखाली खुर्चीचे पुढचे अंग जाते. विळीवर बसता येत नाही, म्हणून सुरी आणि खाली खिळलेली पाटी. मांडणीतले डबे खालच्या फळीवर आले. एकंदर खर्च आमच्या घरच्या एका बारशापेक्षा कमी आला.

हे सारे गोड झाले असे मात्र समजू नका. पहिल्या महिन्यात फळीवरून सरकताना त्या एकदा खाली पडल्या. मी धावले आणि रडतच म्हणाले, "पुरे झाले आता, ताई. मी आहे ना?" त्या जमिनीवरूनच म्हणाल्या, "तू आहेस, हे मला ठाऊक आहे. मी आहे की नाही, ते मला बघू दे." त्या दिवशी मी मागे सरले. मागे सरून नुसते उभे राहणे हे उचलण्याहून कठीण असते, हे मी अनुभवाने सांगते. चहाला आमच्या घरी वीस मिनिटे लागू लागली. मला तो पाच मिनिटांत करता आला असता. पण तो वीस मिनिटांचा चहा जेव्हा त्यांनी माझ्या पुढे धरला, तेव्हा सहा वर्षांनी प्रथमच त्या घरात यजमानीण होत्या.

माझ्या ध्यानात आले ते हे : मी जी करीत होते ती सेवा खोटी नव्हती, पण तिच्यात दुसऱ्याला जागा नव्हती. मूल चालू लागावे म्हणून आपण बोट धरतो आणि एके दिवशी बोट सोडतो. मोठ्या माणसाच्या बाबतीत मात्र आपण बोटही धरीत नाही, थेट कडेवर घेतो. आणि कडेवर घेतलेला माणूस कधी चालत नाही.

साधनांच्या बाबतीतही हेच खरे आहे. साधन माणसाच्या जीवनाला जुळले पाहिजे. जयपूरच्या पायाची हकीकत यासाठी मला फार आवडते. पूर्वी परदेशी धर्तीचा लाकडी पाय मिळे, तो बुटात घालावयाचा. आता आपल्या शेतकऱ्याने बूट घालून लावणीला जावयाचे की काय? तो पाय घालून मांडी घालता येत नाही, उकिडवे बसता येत नाही, देवळात जाता येत नाही. लोक तो पाय घेत आणि घरी गेल्यावर कोपऱ्यात ठेवून पुन्हा कुबडी धरीत. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि फारसे शाळेत न गेलेले कारागीर मास्टर रामचंद्र शर्मा या दोघांनी रबराचा पाय केला. तो अनवाणी चालतो, चिखलात भिजतो, वाकतो आणि स्वस्त पडतो. डॉक्टरांना हाडे ठाऊक होती, कारागिराला रबर आणि साचे ठाऊक होते. दोघांनी एकमेकांचे ऐकले म्हणून तो पाय झाला. नर्तकी सुधा चंद्रन यांचा पाय १९८१ साली अपघातात गेला; त्याच जयपूरच्या पायावर १९८४ साली त्या रंगमंचावर पुन्हा नाचल्या. आपल्या सुतारदादांची फळी ही त्याच जातीची आहे असे मी मानते. ज्याला वापरावयाचे त्याला विचारून केलेले साधन कोपऱ्यात पडून राहत नाही.

अंधांच्या हाती आज बोलणारा मोबाईल आला आहे. पडद्यावरची मराठी अक्षरे तो वाचून दाखवितो. नोट किती रुपयांची तेही सांगतो. स्वागत थोरात यांनी २००८ साली 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले. अंध वाचकाला कोणीतरी फुरसतीने वाचून दाखवीपर्यंत थांबावे लागू नये, आपले पाक्षिक आपल्या बोटांनी, आपल्या सवडीने वाचावे, ही त्यातली खरी गोष्ट. यंत्र मोठे की ठिपक्यांचा कागद मोठा, हा वादच नको. दुसऱ्याच्या सवडीवरचे जिणे ज्याने संपते ते मोठे.

आता आणखी दोन बायांची नावे घेते. फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. या बाईंनी मुलीला घेऊन डॉक्टरांचे उंबरे झिजविले, उपचार पाहून पाहून शिकून घेतले, आणि मुलगी सुधारली तेव्हा आपले काम झाले असे म्हणून त्या घरी बसल्या नाहीत. १९४७ साली मुंबईत त्यांनी पोलिओच्या मुलांसाठी उपचारकेंद्र काढले. पुढे १९५५ साली हाजी अलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली, तिच्यामागे या प्रयत्नांचेही पुण्य आहे. आज पोलिओ आपल्या देशातून गेला. २०११ च्या जानेवारीनंतर नैसर्गिक पोलिओ-विषाणूचा नवा रुग्ण सापडलेला नाही. पण त्या काळी ज्यांना झाला ते लोक आज आपल्यात आहेत, त्यांची वये झाली आहेत, आणि त्यांना आता जिने अधिक जड जातात.

दुसऱ्या कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक. ऐन तारुण्यात त्यांचे कमरेखालचे अंग गेले. निराशेच्या काळात त्यांना धीर दिला तो बाबूकाका दिवाण यांनी, जे स्वतः चाकाच्या खुर्चीत होते. नसीमादीदींनी नोकरी केली, आणि १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड' ही संस्था काढली. अपंग मुलांसाठी वसतिगृह, शाळा, आणि सिंधुदुर्गात 'स्वप्ननगरी' येथे काजूचा उद्योग. त्यांचे आत्मचरित्र 'चाकाची खुर्ची' आपल्या वाचनालयात असावे, अशी माझी विनंती आहे. नसीमादीदींना आधार देणारा माणूस स्वतः अपंग होता आणि पुढे त्यांनी असंख्यांना आधार दिला. मदत करणारे एका बाजूला आणि घेणारे दुसऱ्या बाजूला, अशी जी रेघ आपण मनात ओढलेली असते ती पुसूनच टाकावी.

आमच्या घरीही ती पुसली आहे. दोन वर्षांपूर्वी माझा उजवा हात मोडला. दीड महिना प्लास्टरमध्ये होता. त्या दीड महिन्यात माझी वेणी ताईंनी घातली. पहिल्या दिवशी मी संकोचले, तेव्हा त्यांनी डोक्यावर टपली मारून म्हटले, "राहू दे, मी घालते. डावा हात आहे ना तुला? तेलाची बाटली तेवढी धर."

एक मुद्दा आपल्या भावांसाठी आणि दिरांसाठीही आहे, जरी ते आज येथे मंडप घालून बाहेरच उभे आहेत! सेवेचा भार आपण घरातल्या एका बाईवर टाकतो आणि तिची स्तुती करून मोकळे होतो. ती आजारी पडली की दोन माणसे आजारी पडतात. आमच्या थोरल्या भावजींनी, ताईंच्या यजमानांनी, रात्री कूस बदलण्याचे काम आपल्याकडे घेतले तेव्हा मला सहा वर्षांनी सलग झोप मिळाली. घरातल्या प्रत्येकाने एक एक काम शिकून घ्यावे. आणि जमेल त्या घराने पगारी मदतनीस ठेवण्यात लाज मानू नये. स्वावलंबन म्हणजे कोणाची मदत न घेणे नव्हे. मदत केव्हा घ्यावयाची आणि कशी, हे ज्याचे त्याने ठरवावे, एवढाच त्याचा अर्थ.

कायदाही आपल्या बाजूस आहे. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत, आणि सार्वजनिक जागा सर्वांना वापरता येतील अशा असाव्यात असे बजावले आहे. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा आपल्या राज्यात नियम आहे. ही रक्कम मागावी लागते. ओळखपत्र काढावे लागते, अर्ज करावा लागतो. आपल्या मंडळातल्या लिहित्या-वाचत्या मुलींनी महिन्यातून एक दिवस हे अर्ज भरून देण्याचे काम घेतले, तर ती मोठी गोष्ट होईल.

असो. आता मी ज्यासाठी उभी राहिले ते सांगते, आणि हे सांगताना मी स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते.

माझ्या जाऊबाई आज या सभेत नाहीत. सकाळी त्यांनी स्वतः भाकऱ्या केल्या, निळी साडी नेसल्या, आणि खुर्चीत बसून ओट्यापर्यंत मला पोहोचवावयास आल्या. पण इथे आल्या नाहीत, कारण या सभागृहाला तीन पायऱ्या आहेत. हे सभागृह आपण २०१५ साली बांधले. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून जोते दीड फूट उंच घ्यावे, अशी सूचना बांधकाम समितीत ज्या सभासदाने केली ती मी. तेव्हा ताईंना पडून तीन वर्षे झाली होती. त्या माझ्याच घरात होत्या. मंडळाच्या हिशेबाच्या वह्या ज्यांनी दहा वर्षे लिहिल्या, त्या बाई या दारातून आत कशा येतील, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. कारण माझ्या लेखी त्या कुठे जाणारच नव्हत्या.

काही भगिनी म्हणतील, त्यात काय, चौघी मिळून खुर्चीसकट उचलून आणू. मी हे ताईंना विचारले. त्या म्हणाल्या, "लग्नात नवरदेवाला उचलतात तसे एकदा उचलाल. दर महिन्याला उचलाल काय? आणि मला मध्येच घरी जावेसे वाटले तर?"

म्हणून मी मोजमाप करून आणले आहे. खुर्चीसाठी उतार करावयाचा तर एक फूट चढाला बारा फूट लांबी लागते. त्याहून उभा केला तर खुर्ची एकट्याने चढत नाही आणि उतरताना आवरत नाही. आपले जोते दीड फूट, म्हणजे उतार अठरा फूट हवा. समोर फाटकापर्यंत जागा चौदाच फूट आहे. परंतु पूर्वेच्या भिंतीकडेने पंचवीस फूट मोकळी जागा आहे. सध्या तिथे आपण मोडक्या खुर्च्या आणि मंडपाचे बांबू रचून ठेवले आहेत. वर दाराशी खुर्ची वळावयास पाच फूट चौरस सपाट जागा सोडावयाची. एका बाजूने धरावयास लोखंडी कठडा. पावसात पाय आणि चाक घसरू नये म्हणून वरचा गिलावा खरबरीत ठेवावयाचा. दाराची दुसरी झडप, जी आपण कधी उघडीत नाही, ती उघडली की दार पुरते. मोरीचे दार मात्र वाढवावे लागेल. गवंड्याकडून खर्चाचा अंदाज घेऊन मी तो खजिनदारबाईंकडे आजच दिला आहे.

हा उतार एकट्या माझ्या जाऊबाईंसाठी आहे, असे कृपा करून समजू नका. गुडघे धरून बसलेल्या आपल्या किती आजी गेल्या चारसहा वर्षांत सभेला यावयाच्या थांबल्या, ते पट काढून पाहा. बाबागाडी घेऊन येणारी सून आहे, पाय मुरगळलेली मुलगी आहे, आणि उद्या आपण सगळ्याच आहोत. आपण बांधलेल्या घराच्या पायऱ्या एक ना एक दिवस आपल्यालाच चढावयाच्या असतात.

वर्गणीची सुरुवात म्हणून एक पाकीट मी आणले आहे. ते माझे नाही. ताईंनी गेल्या वर्षभरात घरी बसून मसाला कुटून घेऊन विकला, त्याच्या नफ्यातले ते आहे. पाकिटाबरोबर हिशेबाचा कागद आहे, त्यांच्याच अक्षरातला. निरोपही दिला आहे : "हे दान म्हणून घेऊ नका. माझी सहा वर्षांची वर्गणी थकली आहे, ती जमा करून पावती द्या. आणि पुढल्या वर्धापनदिनाला हिशेब वाचावयास मी येईन."

भगिनींनो, पुढल्या वर्षी त्यांना हिशेब वाचावयास येता येईल की नाही, हे आता त्यांच्या हाती नाही. त्यांच्या बाजूचे सगळे त्यांनी केले आहे. उरलेले अठरा फूट आपल्या बाजूचे आहेत.